टीबी गोल्ड पॉझिटिव्ह, पुढे काय?

रिपोर्ट आता हातात येत नाही, व्हॉट्सॲपवर येतो. तोही रात्री साडेनऊला, जेवणं चालू असताना. ‘टीबी गोल्ड : पॉझिटिव्ह’, ठळक अक्षरांत. डॉक्टरांचा दवाखाना बंद झालेला असतो, गूगल मात्र चोवीस तास उघडं. सकाळ होईपर्यंत मुलीचं ताट-पेला वेगळा निघालेला असतो आणि लग्नाची बोलणी पुढे ढकलायची का, यावर स्वयंपाकघरात खालच्या आवाजात चर्चा सुरू झालेली असते. मुलीला खोकला नाही, ताप नाही, वजन जागच्या जागी. सांधेदुखीचं नवं इंजेक्शन सुरू करण्याआधीची रीत म्हणून तपासणी सांगितली होती, एवढंच.

याच्या उलट घरंही आहेत. महिनाभर खोकणारे आजोबा, सैल झालेला सदरा, संध्याकाळी चढणारा ताप. पण ‘मॉन्टू निगेटिव्ह आली, म्हणजे टीबी नाही’ असं म्हणून सगळे निर्धास्त. पहिल्या घरात उगाच रडारड झाली, दुसऱ्या घरात रोग वाढत गेला. रिपोर्ट दोन्हीकडे बरोबरच होता, चुकीचा वाचला गेला.

टीबीचा कुठलाही रिपोर्ट हातात आला की आधी एकच गोष्ट बघा : या तपासणीने जंतू शोधला आहे, की शरीराने जंतूला दिलेला प्रतिसाद मोजला आहे? बेडक्याची स्लाइड, सीबीनॅट, आपल्या गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट आणि कल्चर या तपासण्या जंतूला शोधतात. मॉन्टू, टीबी गोल्ड, छातीतल्या पाण्यातलं एडीए, ईएसआर, सीआरपी या तपासण्या आपल्या प्रतिकारशक्तीची साक्ष काढतात. साक्ष उपयोगी असते, पण साक्षीदाराने चोराला कधीतरी पाहिलं होतं म्हणून चोर आत्ता घरात आहे, असं होत नाही.

टीबीच्या जंतूंबाबत ही ‘कधीतरी’ची ओळख आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांमध्ये हा संसर्ग आढळला. म्हणजे एसटीच्या भरलेल्या गाडीतले पंधरा-सोळा प्रवासी. त्यांना टीबीचा आजार नसतो. जंतू शरीरात शिरला, प्रतिकारशक्तीने त्याला कोपऱ्यात दाबून ठेवलं आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवला, इतकंच घडलेलं असतं. अशा लोकांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो आणि तो धोका संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. सुप्त संसर्ग असलेल्या माणसाकडून दुसऱ्याला टीबी होत नाही. तेव्हा ते ताट-पेला परत मांडणीत ठेवून द्या.

मॉन्टू : वाचता आली तर

या तपासणीचं मूळ एका फसलेल्या औषधात आहे. टीबीचा जंतू शोधून जगाला थक्क करणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये ‘ट्युबरक्युलिन’ हा टीबीवरचा उपाय म्हणून पुढे आणला. बर्लिनकडे रुग्णांची आणि डॉक्टरांची रीघ लागली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल, जे स्वतः डॉक्टर होते, तेही खातरजमा करायला गेले आणि साशंक होऊन परतले. उपाय म्हणून ते द्रव्य निकामी ठरलं. पण ज्यांच्या शरीराला जंतूची ओळख होती त्यांची त्वचा त्यावर उसळते, हे निरीक्षण मागे उरलं. पुढे फ्रान्सच्या शार्ल मॉन्टू यांनी ते कातडीच्या आत टोचण्याची पद्धत बसवली आणि शंभरहून अधिक वर्षं ती टिकून आहे.

टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांदरम्यान हात दाखवायचा असतो. लाली मोजायची नसते. बोट फिरवल्यावर लागणारा कडक उंचवटा आडवा मोजायचा आणि तो मिलिमीटरमध्ये लिहायचा. ‘मॉन्टू : पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेला कागद अर्धवट आहे, किती मिलिमीटर, हे मागून घ्या. साधारणपणे १० मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. एचआयव्हीबाधित किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांसाठी ५. घरी बसून पट्टीने मोजून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवण्याने काम भागत नाही, कारण फोटोत लाली दिसते, कडकपणा दिसत नाही. गुरुवारी टोचून घेण्याआधी लॅब शनिवारी-रविवारी उघडी असते का, तेही विचारा.

आणखी एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. कितीची मात्रा? आपल्या बाजारात ट्युबरक्युलिनच्या १, २, ५ आणि १० टीयू (म्हणजे ट्युबरक्युलिन युनिट) अशा निरनिराळ्या मात्रा मिळत आल्या आहेत. प्रमाण मानलेली आहे ती २ टीयू, आरटी-२३ प्रकारची. मात्रा जास्त असेल तर उंचवटाही फुगतो आणि निरोगी मुलाच्या कपाळावर शिक्का बसतो. रिपोर्टवर टीयू लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका.

बीसीजीमुळे मॉन्टू पॉझिटिव्ह येते, हे खरं आहे. पण आपल्याकडे बीसीजी जन्मल्याबरोबर देतात आणि तिचा हा परिणाम काही वर्षांत ओसरतो. तिशीतल्या माणसाची पंधरा मिलिमीटरची मॉन्टू ‘बीसीजीची असेल’ म्हणून उडवून लावू नये. दुसऱ्या बाजूला कुपोषण, नुकताच झालेला गोवर, स्टिरॉइडच्या गोळ्या, एचआयव्ही आणि खुद्द अंगभर पसरलेला टीबी यांत मॉन्टू गप्प राहते. ते आजोबा आठवा : ज्याच्या शरीरात लढायची ताकदच उरलेली नाही, त्याची त्वचा काय उसळणार?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘साय-टीबी’ या नव्या त्वचा-तपासणीला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. टोचायची रीत मॉन्टूसारखीच, पण आतली प्रथिनं अशी निवडलेली की बीसीजी घेतलेल्याने त्यांच्यावर प्रतिक्रिया देऊ नये. ५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. बीसीजीचा गोंधळ इथे टळतो. जुना संसर्ग की आजचा आजार, हे मात्र तीही सांगू शकत नाही.

टीबी गोल्ड : नळ्यांमधली परीक्षा

टीबी गोल्डचं शास्त्रीय कुळनाव ‘आयग्रा’. तुमचं रक्त चार छोट्या नळ्यांमध्ये घेतात. दोन नळ्यांत टीबीच्या जंतूची बीसीजीत नसलेली प्रथिनं असतात. एक कोरी. चौथीत असं द्रव्य असतं की कुठल्याही तगड्या प्रतिकारशक्तीने त्यावर खवळायलाच हवं. रक्त १६ ते २४ तास शरीराच्या तापमानात ठेवतात. त्यातल्या टी-पेशींची टीबीशी जुनी ओळख असेल तर त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, ते मोजलं जातं. कोऱ्या नळीतला आकडा वजा करून ०.३५ किंवा वर आला की पॉझिटिव्ह.

या ०.३५ ला लोक कडेलोटाची कडा समजतात. तसं नाही. ०.३८ आलेला माणूस महिन्याभराने ०.२९ घेऊन येऊ शकतो, मधल्या काळात काहीही न होता. म्हणून लॅबकडून केवळ ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द न घेता चारही नळ्यांचे आकडे मागा. उंबरठ्याच्या आसपासचा आकडा असेल आणि तुम्ही जोखमीच्या गटातले नसाल, तर डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतील. त्यात वावगं काही नाही.

‘इंडिटरमिनेट’ असा शेरा आला तर त्याचा अर्थ निगेटिव्ह असा लावू नका. चौथी नळी खवळली नाही किंवा कोरीच खवळली, म्हणून निकाल देता येत नाही, असा त्याचा अर्थ. कारण तुमची प्रतिकारशक्ती दबलेली असेल, किंवा रक्त लॅबपर्यंत पोचेपर्यंत हेळसांड झाली असेल. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा दुपारभर इतर घरं करत फिरला, नळ्या नीट हलवल्या नाहीत, इनक्युबेटरमध्ये उशिरा गेल्या, की पेशी मरगळतात. शक्य असेल तर ही तपासणी सकाळी, थेट लॅबमध्ये जाऊन करा.

मग ही तपासणी करायची कुणी? घरात थुंकीतून टीबी सिद्ध झालेला रुग्ण असेल त्यांनी. संधिवात, सोरायसिस किंवा आतड्यांच्या दाहासाठी ‘अँटी-टीएनएफ’ इंजेक्शनं सुरू होणार असतील त्यांनी. अवयव-प्रत्यारोपणाच्या किंवा डायलिसिसच्या रुग्णांनी. दगडखाणीत काम करून सिलिकोसिस झालेल्यांनी. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात असा रुग्ण असेल किंवा व्यक्ती एचआयव्हीबाधित असेल, तर तपासणीसाठी थांबायचीही गरज नाही. आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक उपचार सुरू करता येतात. बाकी धडधाकट माणसाने ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये टीबी गोल्ड करून घेणं म्हणजे झोप विकत देऊन काळजी विकत घेणं.

पॉझिटिव्ह आल्यावरची पहिली पायरी नेहमी एकच : आजार आत्ता आहे का, ते शोधा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं यांची विचारपूस आणि छातीचा एक्स-रे. लक्षणं नाहीत म्हणून एक्स-रे टाळू नका. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४२ टक्के केवळ लक्षणं विचारून हाती लागले नसते, ते एक्स-रेमुळे सापडले. शंका आली तर बेडका सीबीनॅट किंवा ट्रूनॅटला द्या. आजार नाही असं ठरलं आणि तुम्ही जोखमीच्या गटात असाल, तर प्रतिबंधक उपचार : सहा महिने रोज आयसोनायझिड, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनायझिड आणि रिफापेंटिनचे एकूण १२ डोस. घरातल्या रुग्णाचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल तर गोळ्या वेगळ्या असतात, त्यामुळे त्याची फाइल सोबत न्या. रिफापेंटिनने लघवी केशरी होते, घाबरू नका. पण गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, त्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. अन्नावरची वासना गेली, मळमळ वाढली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. दारू या काळात बंद.

हा क्रम उलटा करायचा नाही. लपलेला आजार असताना एक-दोन औषधांचे प्रतिबंधक डोस दिले, तर जंतू त्या औषधांना सरावतात आणि पुढचा उपचार अवघड होतो.

छातीतलं पाणी : इथे मात्र साक्ष वजनदार

आतापर्यंत मी या तपासण्यांना जरा लगामच घालत आलो. पण एक जागा अशी आहे जिथे जंतू शोधणारी यंत्रं बऱ्याचदा हात टेकतात आणि प्रतिकारशक्तीची खूणच दिवा धरते.

विशी-पंचविशीतला मुलगा, आठ-दहा दिवस ताप, श्वास घेताना एका कुशीत कळ. एक्स-रेत एका बाजूला पाणी. सुईने काढलेलं पाणी पिवळसर, पेंढ्याच्या रंगाचं. घरच्यांचा पहिला आग्रह असतो की ‘सीबीनॅट करा म्हणजे कळेल.’ करायचंच, पण ते अनेकदा निगेटिव्ह येतं. फुप्फुसाच्या आवरणातल्या टीबीत जंतू मूठभर असतात. पाणी साठतं ते त्यांच्यावर प्रतिकारशक्तीने केलेल्या दंग्यामुळे. लाठीमार मोठा, दंगेखोर चार. मग त्या पाण्यात जंतू शोधण्यापेक्षा लाठीमाराच्या खुणा मोजणं शहाणपणाचं, आणि ती खूण म्हणजे एडीए, लिम्फोसाइट पेशी सक्रिय झाल्या की वाढणारं एक एंझाइम. पाण्यात लिम्फोसाइट जास्त, प्रथिनं जास्त आणि एडीए ४० युनिटच्या वर असेल, तर आपल्यासारख्या टीबीबहुल देशात टीबीची शक्यता दाट होते आणि डॉक्टर त्यावर उपचार सुरू करतात.

यातला ‘आणि’ महत्त्वाचा. एडीए एकट्याने बोलत नाही. पाण्यात पू असेल, संधिवाताचं पाणी असेल, लिम्फोमा नावाचा कर्करोग असेल, तरी हा आकडा चढतो. म्हणून पेशींची मोजणी आणि कर्करोगाच्या पेशींची तपासणी त्याच नमुन्यावर व्हायला हवी. पाणी काढलं जाण्याआधीच तसं विचारून घ्या, नाहीतर दुसऱ्यांदा सुई. साठी उलटलेल्या, वर्षानुवर्षं विड्या ओढलेल्या माणसाच्या छातीतल्या पाण्यावर केवळ एडीएच्या जोरावर सहा महिन्यांचा उपचार सुरू होत असेल, तर दुसरं मत घ्या. आणि सीबीनॅट-कल्चर बहुधा निगेटिव्ह येणार म्हणून टाळू नका. जंतू सापडला तरच तो कुठल्या औषधाला दाद देतो ते कळतं, एडीएला ते सांगता येत नाही.

रक्तातलं एडीए मात्र टीबीसाठी करून घेऊ नका. पाण्यात जे अर्थपूर्ण, ते रक्तात निरर्थक.

रक्तातल्या अँटिबॉडीवरून, म्हणजे ‘टीबी आयजीजी, आयजीएम’वरून टीबीचं निदान करणाऱ्या तपासण्यांवर जून २०१२ पासून भारतात बंदी आहे. त्याआधी, २०११ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या वापरू नयेत असं बजावलं होतं, कारण निरोगी माणसाला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवण्यात त्या सारख्याच तरबेज होत्या. कुणी असा रिपोर्ट पुढे केला तर त्यावरून औषध सुरू करू नका.

उपचार सुरू झाल्यावर

‘तीन महिने झाले, टीबी गोल्ड परत करूया का? निगेटिव्ह झालं असेल ना?’ नको. उपचार पूर्ण होऊनही ते वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकतं. टी-पेशींची ओळख औषधाने पुसली जात नाही. उपचाराची प्रगती बघायची ती वजनकाट्यावर, ताटातल्या भाकरीच्या संख्येत आणि फुप्फुसाच्या टीबीत दोन महिन्यांनंतरच्या व शेवटच्या बेडक्यात. ईएसआर आणि सीआरपी उतरत गेले तर बरंच, पण ते दाढ दुखली तरी वर जातात. त्यांचे दर आठवड्याचे आलेख काढत बसणं हा पैशांचा आणि मनःशांतीचा अपव्यय आहे.

आता या भागातली सर्वांत घाबरवणारी गोष्ट. मानेच्या गाठीच्या टीबीवर उपचार चालू आहेत, ताप गेला, भूक लागली आणि दुसऱ्या महिन्यात गाठ अचानक लिंबाएवढी फुगली, किंवा शेजारी नवी उगवली. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून इथे अनेक रुग्ण डॉक्टर बदलतात, काही भगताकडे जातात. बऱ्याच वेळा हा औषधाचा पराभव नसतो. जंतू मरू लागले की त्यांचे तुकडे सुटतात, सावरलेली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते आणि गाठ सुजते. डॉक्टर गरज पडली तर सुईने नमुना घेऊन कल्चर करतील, जंतू औषधांना दाद देतोय ना हे तपासतील, कधी काही आठवडे स्टिरॉइड देतील. गोळ्या मात्र चालू ठेवायच्या.

एचआयव्ही आणि टीबी एकत्र असले तर हीच प्रतिक्रिया जास्त जोरात येऊ शकते, विशेषतः सीडी-४ पेशी फार कमी असताना एचआयव्हीची औषधं सुरू झाल्यावर. म्हणून टीबीच्या प्रत्येक रुग्णाने एचआयव्ही आणि रक्तातली साखर तपासायची असते. तो कुणाच्या चारित्र्यावरचा संशय नव्हे, उपचाराचा भाग आहे. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत तर प्रतिकारशक्तीचा दाहच जिवावर उठतो, त्यामुळे जंतूंच्या औषधांबरोबर सहसा स्टिरॉइड सुरू करतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात. ‘स्टिरॉइड वाईट’ असं ऐकून ते परस्पर थांबवू नका.

संशोधनाची दिशा तुमच्या कानावर आली असेल : बोटाला टोचून घेतलेल्या थेंबभर रक्तात आपल्याच तीन जनुकांची हालचाल मोजून टीबी ओळखायचा. आशादायक आहे, पण तुमच्या गावच्या लॅबच्या दरपत्रकात ते अजून आलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘कॉर्टिस’ चाचणीत ११ जनुकांच्या अशाच खुणेवरून धोक्यातली माणसं ओळखली गेली, पण त्यांना १२ डोसांचा प्रतिबंधक कोर्स दिल्यावर टीबीचं प्रमाण काही घटलं नाही. धोका ओळखणं आणि तो टाळणं या दोन निराळ्या विद्या आहेत.

‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटलीपेक्षा मला झारखंडमधली तांदूळ-डाळीची पिशवी जास्त पटते. तिथल्या ‘रेशन्स’ अभ्यासात टीबी रुग्णांच्या घरच्यांना धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या घरांत नव्या टीबीचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेत असलात तरी ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की ती मिळते. नोंद झाली का, हे डॉक्टरांना विचारा. मदत लागली तर १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

शेवटी कागदांचं. टीबीचा किंवा प्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स पुरा झाला की पूर्ततेचा दाखला, कोर्सच्या सुरुवातीचा आणि शेवटचा एक्स-रे आणि टीबी गोल्डचा आकड्यांसह रिपोर्ट एका पाकिटात घालून ठेवा. ब्रिटनला शिकायला जाणाऱ्या मुलाला व्हिसासाठी छातीचा एक्स-रे लागतो, अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाच्या तपासणीत तर लहान मुलांचीही आयग्रा करतात. पॉझिटिव्ह आलं की तिथला डॉक्टर पहिलं विचारतो ते जुन्या एक्स-रेबद्दल. तो माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवीने खाल्लेला असला, की बेडक्याच्या कल्चरसाठी आठ आठवडे थांबावं लागू शकतं आणि विमानाचं तिकीट वाया जाऊ शकतं.